गाडीला सीओटूचा फवारा आणि खान्देशातलं ऊन

मागच्या मे महिन्यात पिंपळनेरहून मावसभावाचा फोन आला. त्याच्याकडे २.२ लिटरची टर्बो डिझेल गाडी आहे. पहाटे निघालं की चरणमाळचा घाट ती हसत चढते. पण दुपारी, तेवढीच माणसं आणि तेवढंच सामान घेऊन, तोच घाट चढताना दमते. मेकॅनिकने बघितलं, म्हणाला गाडी ठणठणीत आहे. मग भावाने मोबाइलवर कुठला तरी अमेरिकन व्हिडिओ पाहिला. डिकीत एक सिलिंडर, तिथून पुढे गेलेली नळी, बटण दाबलं की इंटरकूलरवर पांढरा धुरळा आणि गाडी सुसाट. वेल्डिंगवाल्या मित्राकडे सीओटूचा सिलिंडर पडूनच होता. "तुले काय वाटस, लाऊ का?" त्याने विचारलं.

मी तेव्हा लगेच "नको" म्हणालो. पण नुसतं "नको" म्हणणं म्हणजे उत्तर नव्हे, आणि भाऊ तर ऐकणाऱ्यातला नाहीच. म्हणून कागद घेऊन बसलो. हा लेख म्हणजे तो कागद, जरा स्वच्छ करून. पीएचडीचा विषय उष्णतेच्या वहनाशी संबंधित असल्यामुळे घरच्यांचे फ्रिज, कूलर, गाड्या हे सगळं माझ्याकडेच येतं, त्याला इलाज नाही.

आधी गाडी का दमते ते बघू.

इंजिनाची ताकद शेवटी प्राणवायूवर ठरते. टर्बो म्हणजे धुरावर फिरणारा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा मावते, जास्त इंधन जळतं. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. समजा टर्बो हवेचा दाब २.२ पट करतोय आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे. पहाटे बाहेर २० अंश असतील तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १२६ अंशांची असते. दुपारी बाहेर ४४ असतील तर ती १५८च्या आसपास जाते. बाहेर फरक २४ अंशांचा, आत तो ३२चा झाला.

तापलेली हवा विरळ असते, म्हणून मध्ये इंटरकूलर असतो. दिसायला रेडिएटरसारखाच, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि पातळ पत्र्याच्या पाकळ्या. आतून टर्बोची गरम हवा जाते, बाहेरून वाऱ्याचा झोत. चांगला इंटरकूलर गरम हवा आणि बाहेरची हवा यांच्यातला सुमारे ७० टक्के फरक काढून टाकतो. म्हणजे पहाटे इंजिनात ५२ अंशांची हवा जाते आणि दुपारी ७८ अंशांची. त्यातच घाटात गाडी तीस-चाळीसच्या वेगाने चढत असली तर वारा कमी लागतो. मग ७० टक्क्यांचे ५० होतात आणि तीच हवा १०० अंशांच्या पुढे जाते. तेवढ्याच दाबाला, तेवढ्याच जागेत, पहाटेपेक्षा १२-१३ टक्के कमी हवा. शिवाय दुपारी एसी पूर्ण जोरात असतो, तोही इंजिनाच्याच जिवावर. गाडी दमणार नाही तर काय करील?

म्हणजे भावाचं निदान बरोबर होतं. इंटरकूलर गार केला तर उपयोग होईल. प्रश्न कशाने, एवढाच.

सीओटूच्या सिलिंडरमध्ये नेमकं काय असतं? खोलीच्या तापमानाला, म्हणजे २० अंशांना, त्यात द्रव कार्बन डायऑक्साइड असतो आणि वर त्याची वाफ. दाब सुमारे ५७ बार. गाडीच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. हा द्रव बारीक छिद्रातून बाहेर सोडला की दाब एकदम पडतो, बराचसा भाग वायू होतो आणि उरलेल्याचा बर्फ, उणे ७८ अंशांचा. व्हिडिओतला पांढरा धुरळा म्हणजे हा बर्फ आणि हवेतल्या बाष्पाचं धुकं. हे सगळं इंटरकूलरच्या पाकळ्यांवर पडून पुन्हा हवेइतकं तापेपर्यंत दर किलोमागे साधारण २५० किलोज्यूल उष्णता शोषून घेतं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण भावाचाही होताच. सिनेमात गाड्यांना लावतात तो नायट्रस ऑक्साइड वेगळा. तो इंजिनाच्या आत जातो आणि आत जाऊन प्राणवायू पुरवतो. सीओटूने ज्वलनाला काडीचीही मदत होत नाही, उलट आग विझवायला आपण तोच वापरतो. त्याने फक्त बाहेरून गार करायचं असतं. तो चुकून एअर फिल्टरच्या तोंडात शिरला तर? २.२ लिटरचं इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला ११० ग्रॅमच्या आसपास हवा घेतं. त्यातले १० ग्रॅम सीओटूचे असले तर प्राणवायू सहा टक्क्यांनी घटतो. आणि इंटरकूलरमधली हवा १५ अंशांनी गार झाल्याचा फायदा जेमतेम चार टक्के. म्हणजे आवाज, धुरळा, खर्च सगळं होऊन गाडी आधीपेक्षा मंद.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी कागद घेतला होता.

१८६९ साली बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडबद्दल एक विलक्षण गोष्ट जाहीर केली. काचेच्या बारीक नळीत हा वायू कोंडून ते दाब वाढवत होते. एका ठराविक तापमानाच्या खाली दाब वाढवला की वायूचा द्रव होतो, दोघांच्या मधली रेषा स्पष्ट दिसते. त्या तापमानाच्या वर मात्र कितीही दाबा, द्रव वेगळा होतच नाही. वायू आणि द्रव हा भेदच संपतो, उरतं ते एकच दाट काहीतरी. हे क्रांतिक तापमान कार्बन डायऑक्साइडसाठी ३१.१ अंश आहे.

बेलफास्टमध्ये ३१ अंश म्हणजे वर्तमानपत्रात बातमी. आपल्याकडे फेब्रुवारीतली दुपार. मे महिन्यात धुळ्या-जळगावात पारा ४४-४५वर जातो तेव्हा सीओटूच्या कुठल्याही सिलिंडरमध्ये द्रव नसतोच. अमेरिकन किटमध्ये सिलिंडरच्या तळापर्यंत जाणारी नळी असते, तिला सायफन नळी म्हणतात. वरची वाफ न घेता तळाचा द्रव ओढायचा म्हणून. मे महिन्यात पिंपळनेरला त्या सायफनला अर्थच उरत नाही, तळाला आणि वर एकच द्रव्य.

याचे दोन परिणाम. पहिला, गारवा कमी मिळतो. द्रव्य आधीच गरम असल्यामुळे दर किलोमागे २५०च्या जागी २०० किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी गारव्याची गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी सिलिंडर सगळ्यात आळशी.

दुसरा परिणाम दाबाचा, आणि तो गमतीचा नाही. द्रव आणि वाफ दोन्ही असेपर्यंत दाब फक्त तापमानावर ठरतो: १० अंशांना ४५ बार, २०ला ५७, ३०ला ७२. क्रांतिक बिंदूच्या पुढे दाब ठरतो तो सिलिंडरमध्ये किती माल भरलाय यावर. म्हणून नियम असा, की सिलिंडरच्या दर लिटर आकारमानाला साधारण दोन-तृतीयांश किलोच सीओटू भरायचा, जास्त नाही. एवढं पाळलं तरी ४० अंशांना दाब १०७ बारच्या आसपास जातो, ५०ला १४०, आणि ६५ अंशांना १९०. उन्हात बंद उभ्या गाडीत, डिकीत किंवा काचेखाली, ६० अंश सहज होतात. मे महिन्यात बाजारात गाडी लावून आल्यावर स्टिअरिंगला हात लावलाय ना?

आणि आता समजा कोणी हिवाळ्यातल्या पहाटे, गार सिलिंडरमध्ये वजन न करता, "मावतंय तेवढं" भरून दिलं. लिटरला ८०० ग्रॅम. त्या थंडीत दाबमापकावर काहीच वेगळं दिसणार नाही, दाब नेहमीचाच. तोच सिलिंडर ५० अंशांना २०० बारच्या पुढे जातो. चांगल्या सिलिंडरच्या वॉल्व्हला पत्र्याची एक पातळ चकती असते, दाब फार झाला की ती फुटून वायू बाहेर सोडते. स्फोट टळतो. पण वायू कुठे जातो? डिकीत, म्हणजे गाडीत.

हा हिशेबही करून ठेवला. ४.५ किलोचा सिलिंडर (अमेरिकन किटमधला दहा पौंडी, आणि आपल्याकडच्या आग विझवायच्या सिलिंडरचंही हे नेहमीचं माप) ४० अंशांना रिकामा झाला तर २.६ घनमीटर वायू होतो. गाडीच्या आतली सगळी जागा मिळून तीन-साडेतीन घनमीटर. हवेत चार टक्के सीओटू झाला की ती जागा माणसाच्या जिवाला तातडीचा धोका असलेली मानतात. साडेतीन घनमीटरात चार टक्के व्हायला पूर्ण सिलिंडर लागतच नाही, पाव किलो पुरतो. डोकं जड होणं, धाप लागणं, छाती धडधडणं अशी सुरुवात होते. दहा टक्क्यांच्या वर काही मिनिटांत शुद्ध जाते. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात, तो विझला की माणूस उतरत नाही. सीओटू हवेच्या दीडपट जड, म्हणून तो खड्ड्यात साचतो. मागच्या सीटवर झोपलेलं लहान मूल गाडीतल्या त्या खड्ड्याच्या सगळ्यात जवळ असतं, हे मी भावाला सांगितलं तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

तरीही ज्यांना बसवायचंच आहे, किंवा बसवतात कसं हे समजून घ्यायचंय, त्यांच्यासाठी रचना सांगतो. कारण ती रचनाच सांगते की हे घरगुती काम नाही.

सिलिंडर माणसांच्या जागेपासून वेगळ्या भागात, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्का. नुसत्या पट्ट्याने बांधलेला नाही, कारण धडक बसली तर दहा-बारा किलोचं लोखंड पुढे येतं. चकती फुटली तर वायू बाहेर जावा म्हणून तिथून गाडीच्या तळाबाहेर नेलेली वेगळी नळी. सिलिंडरपासून पुढे स्टीलच्या जाळीची, उच्च दाबाची नळी, आणि ती सायलेन्सरपासून लांब. वाटेत फिल्टर. मग सोलेनॉइड वॉल्व्ह, जो एरवी बंद असतो आणि वीज दिली तरच उघडतो. शेवटी इंटरकूलरसमोर बारीक छिद्रांची नळी किंवा नोझल. विजेच्या बाजूला फ्यूज, रिले, एक मुख्य बटण, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच चालू होणारा दुसरा स्विच.

यात दोन जागा फसव्या आहेत. सोलेनॉइड सिलिंडरजवळ लावला तर वॉल्व्हच्या पुढे, नळीतच दाब पडतो. कार्बन डायऑक्साइड ५.२ बारच्या खाली द्रव म्हणून राहूच शकत नाही, त्याचा थेट बर्फ होतो. मग नळीत बर्फाचा बूच बसतो आणि फवारा थुंकत थुंकत येतो. म्हणून वॉल्व्ह नोझलजवळ हवा आणि सगळ्यात बारीक जागा नोझलचीच हवी. पण वॉल्व्ह पुढे नेला की दुसरी अडचण. चालवून झाल्यावर सिलिंडरचा वॉल्व्हही बंद केला तर दोन बंद दारांच्या मध्ये नळीभर गार द्रव अडकतो. इंजिनाच्या उष्णतेने तो फुगतो, त्याला जागा नसते आणि दाब नळीच्या क्षमतेपलीकडे जातो. त्यामुळे त्या तुकड्यालाही स्वतंत्र सुरक्षा वॉल्व्ह लागतो. मी पाहिलेल्या "घरच्या घरी बसवा" छापाच्या व्हिडिओंत हा वॉल्व्ह एकदाही दिसला नाही.

वेल्डिंगच्या दुकानातल्या सिलिंडरला बहुधा सायफन नसतोच, त्यांना वायूच हवा असतो. वायू ओढला की बाष्पीभवन सिलिंडरच्या आत होतं आणि गार होतो तो सिलिंडर. वेल्डर लोकांना हे पाठ असतं: रेग्युलेटर गोठतो, म्हणून ते त्याला हीटर लावतात. ज्या गारव्यासाठी आपण मरमर करतोय, तो तिथे डिकीतच खर्च होतो.

कायद्याचं थोडक्यात. भारतात दाबाखालच्या वायूचे सिलिंडर २०१६च्या गॅस सिलिंडर नियमांखाली येतात. ते बघणारी पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तिची मान्यता नसलेला, परदेशातून मागवलेला सिलिंडर इथे भरून घेता येत नाही, आणि जो भरून देईल त्याच्याकडून तर घेऊच नये. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं बंधन आहे. अपघात झाला तर विमावाले डिकी उघडून बघणारच.

मग हे किट बनवतात कशाला? कारण ते घाटासाठी नाहीच. अमेरिकेत ते विकतात ते ड्रॅग रेसवाल्यांसाठी. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' होते, त्या प्रकारची शर्यत. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, बारा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. इंटरकूलरमध्ये समजा पाच किलो ॲल्युमिनियम आहे. रांगेत उभं असताना ते ४० अंशांनी गार करून ठेवलं तर सुमारे १८० किलोज्यूलचा गारवा त्यात साठतो. आपल्या २.२ लिटरच्या इंजिनाच्या इंटरकूलरला सेकंदाला नऊएक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे हा साठा पंधरा-वीस सेकंद पुरतो, नेमका शर्यत संपेपर्यंत. तिथे सीओटू हुशारीचा उपाय आहे. थंडी झटकन मिळते, सिलिंडर आदल्या रात्री सावलीत ठेवता येतो, आणि शर्यत झाली की काढून घरी नेता येतो.

घाट पंधरा मिनिटांचा असतो. तिथला हिशेब वेगळा. इंजिनात जाणारी हवा १५ अंशांनी आणखी गार करायची तर सेकंदाला सुमारे १.६५ किलोज्यूल काढावे लागतात. तापलेल्या सिलिंडरमधल्या सीओटूचे किलोला २०० किलोज्यूल, आणि फवारलेल्यातला एक-तृतीयांशच कामी येतो असं धरू, बाकीचा वाऱ्यावर. सेकंदाला २५ ग्रॅम लागले. ४.५ किलोचा सिलिंडर तीन मिनिटांत रिकामा. चरणमाळचं पहिलं वळण नीट संपायच्या आत भाऊ पुन्हा पहिल्या जागेवर, वर रिकामा सिलिंडर वाहायचा तो वेगळाच.

इथे कागदावर मी समोरच्या माठाकडे बघून पुढची ओळ लिहिली.

एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. सीओटूच्या जवळजवळ दहा-बारा पट. पाणी काही उणे ७८ अंशांना जात नाही, हे खरं. पण आपल्याला तिथे जायचंच कुठे आहे? पाणी कितपत गार करू शकतं हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला, तो जिथे थांबेल ती मर्यादा. मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर तो थर्मामीटर २३च्या आसपास थांबतो! म्हणून मुंबईच्या पाहुण्याला आपला वाळ्याचा कूलर जादू वाटतो, आणि तोच कूलर तो मुंबईला घेऊन गेला तर नुसता चिकचिकाट होतो.

इंटरकूलरच्या भाषेत याचा अर्थ असा: ओल्या पाकळ्यांवरून जाणारी हवा ४४ची असूनही २३ची असल्यासारखी वागू शकते. सगळं जमून आलं तर इंजिनात जाणारी हवा ७८वरून ६४वर येते. म्हणजे दुपारच्या घाटातली गाडी पहाटेच्या बरीच जवळ. आणि लागणारं पाणी? तेच १.६५ किलोज्यूल, तोच एक-तृतीयांशाचा नियम: सेकंदाला दोन मिलिलिटर. पंधरा मिनिटांच्या घाटाला दोन लिटरपेक्षा थोडं कमी. पाण्याच्या दोन बाटल्या! दाब नाही, गुदमरणं नाही, नागपूरचा कागद नाही.

हे मी शोधलेलं नाही. सुबारूच्या इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशीच्या लॅन्सर इव्होल्यूशन या रॅलीतून आलेल्या गाड्यांच्या काही आवृत्त्यांना इंटरकूलरवर पाण्याचा फवारा कंपनीकडूनच बसवून यायचा. रॅलीचे टप्पे लांब, तिथे सेकंदांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो, म्हणून पाणी. आपला घाट त्याच जातीचा.

सामान पिंपळनेरच्या बाजारात मिळतं. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात जो छोटा बारा व्होल्टचा पंप असतो तो कृषी केंद्रात सुटा मिळतो. ठिबकच्या दुकानात नर्सरीसाठीचे फॉगर असतात. ताशी सातेक लिटरचा मागा, तेच सेकंदाला दोन मिलिलिटर होतात. मध्ये जाळीचा फिल्टर, पाच लिटरची टाकी, फ्यूज, डॅशबोर्डवर बटण. फॉगर इंटरकूलरच्या समोर, झोत पाकळ्यांवर पडेल असा. एअर फिल्टरचं तोंड, पट्टे आणि विजेचे जोड यांच्यावर पाणी जाता कामा नये. सतत फवारण्यापेक्षा दोन-तीन सेकंद चालू, थोडा वेळ बंद असं केलं तर वाया कमी जातं, कारण पाकळ्या ओल्या असतात तोवर काम चालूच असतं.

एकच पथ्य, पाणी कुठलं. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की कूलरच्या जाळ्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या होतात. तेच पाणी इंटरकूलरवर मारलंत तर पाणी उडून जाईल, क्षार राहतील, आणि दोन महिन्यांत पाकळ्यांवर चुन्याचं पांघरूण. उष्णता बाहेर जायची वाटच बंद. आरओचं किंवा बॅटरीत घालायचं पाणी वापरा. पावसाळ्यात पागोळीचं साठवलंत तर उत्तम. भर पावसाळ्यात मात्र फवारा बंदच ठेवा. हवा दमट, बाहेर २६-२८ अंश, तेव्हा त्याची गरजच नसते.

आणि आता खरं खरं सांगायचं तर डिझेल गाडीत या सगळ्याचा फायदा मर्यादित आहे. पेट्रोल टर्बोमध्ये गरम हवेने ठोका येतो, म्हणून संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि ताकद एकदम पडते. तिथे पाच-दहा अंशांनीही फरक जाणवतो. डिझेलमध्ये तशी ठिणगी नाही. ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते आणि हवा फार तापली तरच संगणक ती मात्रा कापतो. म्हणून काहीही बसवण्याआधी मोजा. गाडीच्या ओबीडी खाचेत लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र मिळतं, मोबाइलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. पहाटे एकदा, दुपारी एकदा, तोच घाट, तोच गिअर, तेवढंच वजन. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, गाडी तुम्ही चालवा. काही गाड्यांत हा सेन्सर इंटरकूलरच्या आधी असतो, काहींत नंतर. दुपारी चढावर आकडा शंभराकडे जात असेल तर तो आधी आहे की नंतर हे मेकॅनिकला विचारून मगच घाबरा.

भावाला मी पंपाच्याही आधी एक काम सांगितलं: बंपर उघडून इंटरकूलर धुऊन घे, आणि टर्बोच्या रबरी नळ्यांच्या जोडांवर तेलाचा ओघळ दिसतो का बघ, दिसला तर तिथून दाब निसटतोय. ओघळ नव्हता. पण पाकळ्यांत माती, किडे आणि कांद्याची टरफलं एवढी होती की खालचा हातभर भाग बुजलेलाच होता. मार्केटमध्ये कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे उभं राहणारी गाडी, दुसरं काय निघणार? कमी दाबाच्या पाण्याने, मागून पुढे, पाकळ्या न वाकवता धुतलं. गाडी तेवढ्यानेच सुधारली असं त्याचं म्हणणं आहे. मी आकडे मागितले तर म्हणाला, आकडे तू मोज, मला घाट चढायचाय.

वेल्डिंगवाल्याचा सिलिंडर परत गेला. फॉगर आणि पंप मात्र त्याने हौसेने बसवलेच, आणि पहिल्या दिवशी टाकीत बोअरचंच पाणी भरलं. त्यावरून फोनवर आमचं रीतसर भांडण झालं. आता डिकीत आरओच्या पाण्याचा कॅन असतो. ओबीडीचं यंत्र मी त्याला पाठवलंय. येत्या मे महिन्यात चरणमाळला फवारा चालू आणि फवारा बंद अशा दोन फेऱ्या मारायच्या ठरल्या आहेत, आकडे हाती आले की इथेच टाकतो.